पेठेतल्या जागेवर पालिकेचे आरक्षण: मालक आणि भाडेकरूंनी पायरीपायरीने काय करावे

गावाच्या मध्यवस्तीत ग्रंथालय, दवाखाना, मंडई, नाट्यगृह किंवा पालिकेची नवी प्रशासकीय इमारत व्हावी, असे कुणालाही वाटेल. म्हाताऱ्या माणसाला पायी जाता येईल अशा अंतरावर दवाखाना हवा आणि दाखल्यासाठी बायपासपर्यंत रिक्षा करावी लागू नये, ही मागणी रास्तच आहे. अडचण अशी की भर पेठेत मोकळी जागा शिल्लक नसते. तिथे कुणाचा तरी वाडा असतो, वाड्याच्या दर्शनी भागात चार दुकाने असतात, मागे दोन बिऱ्हाडे असतात आणि कागदावर तीस वर्षांपूर्वी वारलेल्या आजोबांचे नाव असते. विकास आराखड्याच्या नकाशावर अशा मिळकतीवर एक रंग आणि एक आरक्षण क्रमांक पडतो, आणि घरात घबराट सुरू होते.

हा लेख अशा मालकांसाठी, त्यांच्या भाडेकरूंसाठी आणि दुकानदारांसाठी आहे. महाराष्ट्रातल्या नगरपरिषदा आणि महानगरपालिका अशी जागा मुख्यतः महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ आणि २०१३ चा भूसंपादन कायदा यांच्या आधारे घेतात. दोन्ही कायद्यांत मिळकतधारकाला बरेच काही दिलेले आहे, पण ते मागावे लागते, वेळेत मागावे लागते आणि लेखी मागावे लागते.

आरक्षण म्हणजे संपादन नव्हे

नकाशावर आरक्षण पडले म्हणून मालकी गेली, असे होत नाही. आरक्षण म्हणजे ही जागा अमुक सार्वजनिक कामासाठी लागेल असे नियोजन प्राधिकरणाने, म्हणजे तुमच्या पालिकेने, जाहीर करणे. जागा तुमचीच राहते, भाडे तुम्हीच घेता, मालमत्ता कर तुम्हीच भरता. फक्त आरक्षणाशी विसंगत नवे बांधकाम करायला परवानगी मिळत नाही.

संपादन तेव्हाच पुरे होते, जेव्हा करार होऊन खरेदीखत नोंदले जाते, किंवा पैशांऐवजी विकास हक्क (बांधकामाचे हक्क) घेऊन जागा पालिकेच्या नावे केली जाते, किंवा भूसंपादनाचा निवाडा, म्हणजे मोबदला ठरवणारा अधिकाऱ्याचा आदेश, होऊन मोबदला दिला जातो आणि ताबा घेतला जातो. या दोन टोकांमध्ये कधी कधी पंचवीस-तीस वर्षे जातात. बहुतेक कुटुंबांचे नुकसान संपादनाने होत नाही, या मधल्या काळात काहीच न केल्याने होते.

मालमत्तेचा हक्क आता मूलभूत हक्क राहिलेला नाही. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने तो त्या यादीतून निघाला. तरीही राज्यघटनेच्या अनुच्छेद ३००-अ नुसार कायद्याच्या आधाराशिवाय कुणाचीही मालमत्ता काढून घेता येत नाही. कोलकाता महानगरपालिकेने घेऊ पाहिलेल्या एका शहरी जागेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १६ मे २०२४ रोजी या अनुच्छेदात सात गोष्टी अंतर्भूत असल्याचे सांगितले: नोटीस मिळणे, म्हणणे ऐकले जाणे, कारणांसह निर्णय, खरेखुरे सार्वजनिक प्रयोजन, वाजवी भरपाई, वेळेत चालणारी प्रक्रिया आणि प्रक्रियेचा रीतसर शेवट. पालिकेला पत्र लिहिताना या सातपैकी कोणती गोष्ट पाळली गेली नाही ते नेमके लिहा. मोघम तक्रारीपेक्षा त्याला वजन येते.

पहिली पायरी: घरातले कागद सरळ करा

हे काम सगळ्यांत कंटाळवाणे आहे आणि पुढचे सगळे याच कामावर उभे असते. नोटिसा अभिलेखातल्या नावाने निघतात. प्रॉपर्टी कार्डावर वारलेल्या माणसाचे नाव असेल, तर नोटीस त्याच्याच नावाने निघेल आणि वाड्याच्या दारावर चिकटवून जाईल. पुण्यात किंवा अमेरिकेत राहणाऱ्या नातवाला त्याचा पत्ताही लागणार नाही.

गावठाणातल्या मिळकतीला बहुधा सात-बारा नसतो, नगर भूमापनाचे प्रॉपर्टी कार्ड असते. तालुक्याच्या उपअधीक्षक, भूमी अभिलेख कार्यालयातून (मोठ्या शहरात नगर भूमापन कार्यालयातून) ताजा उतारा घ्या. त्यात तीन गोष्टी पाहा: धारकांची नावे, क्षेत्र आणि सत्ताप्रकार, म्हणजे जागा कोणत्या हक्काने धारण केली आहे ते. सत्ताप्रकार पाहायचा तो एवढ्यासाठी की सरकारी भाडेपट्ट्याची जागा असेल तर मोबदल्याचा हिशेबच वेगळा होतो.

नावे जुनी असतील तर वारस नोंद करून घ्या. भावाभावांत वाद असेल तर वाद मिटेपर्यंत थांबू नका. आधी सगळ्या वारसांची नावे चढवा, वाटण्या मागून होतील. आत्यांची आणि बहिणींची नावे वगळायचा मोह आवरा. वगळलेला वारस निवाड्याच्या वेळी उभा राहिला की मोबदला अडकतो आणि सगळ्यांचाच अडकतो.

मग मोजणी. कार्डावरचे क्षेत्र आणि जागेवरचे क्षेत्र पेठेत क्वचितच जुळते. शेजाऱ्याची भिंत सरकलेली असते, बोळ कुणाचा हे कुणालाच ठाऊक नसते. रीतसर शुल्क भरून हद्द कायम मोजणी करून घ्या आणि ‘क’ प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, जपून ठेवा. पुढे भूसंपादनात संयुक्त मोजणी होते तेव्हा स्वतःचा नकाशा हातात असलेला मालक बोलू शकतो.

शेवटी पालिकेच्या नगररचना विभागातून झोन दाखला आणि विकास आराखड्याचा भाग नकाशा घ्या. त्यावरून आरक्षण क्रमांक, प्रयोजन, समुचित प्राधिकरण आणि आरक्षणाखाली किती क्षेत्र येते हे कळते. समुचित प्राधिकरण म्हणजे जागा प्रत्यक्ष कोण घेणार. ग्रंथालय असेल तर पालिका, सरकारी कार्यालय असेल तर राज्य शासनाचे एखादे खाते. आराखड्याला शासनाची अंतिम मंजुरी कधी मिळाली आणि तो कधी अंमलात आला, त्या तारखा लिहून ठेवा.

आराखडा प्रारूप असेल तर हरकत घ्या

पालिकेचा आराखडा साधारण २० वर्षांनी सुधारला जातो. प्रारूप आराखडा राजपत्रात आणि वृत्तपत्रांत प्रसिद्ध होतो आणि हरकती-सूचनांसाठी मुदत दिली जाते. ही मुदत चुकवू नका. आराखड्यातल्या आरक्षणासाठी पुढे जेव्हा भूसंपादन होते, तेव्हा प्रक्रिया थेट घोषणेपासून सुरू होते. ‘इथे ही इमारत हवीच कशाला’ हा प्रश्न तेव्हा कुणी नव्याने ऐकून घेत नाही. तो विचारण्याची खरी जागा हीच.

हरकतीवर नियोजन समिती सुनावणी घेते. तिच्यात स्थायी समितीचे तीन सदस्य आणि नगररचना संचालकांनी नेमलेले जास्तीत जास्त चार जाणकार असतात. सुनावणीला मिळणारा वेळ थोडा असतो. ‘आमच्यावर अन्याय झाला’ हे वाक्य समितीने त्या दिवशी शेकडो वेळा ऐकलेले असते. त्यापेक्षा नकाशा घेऊन जा आणि पर्याय दाखवा. जवळच पालिकेच्या मालकीची पडकी शाळा आहे का, जुना जकात नाका मोकळा पडला आहे का, बंद पडलेली पाण्याची टाकी आहे का, याची माहिती गोळा करा. पालिकेच्या स्थावर मालमत्तेची नोंदवही माहितीच्या अधिकारात मागता येते. अर्जाला १० रुपये लागतात आणि उत्तराची मुदत ३० दिवसांची असते, म्हणून प्रारूप प्रसिद्ध होण्याची वाट न पाहता आधीच अर्ज टाका. समोरचा रस्ता अरुंद असेल तर त्याची रुंदी मोजून लिहा. सहा मीटरच्या बोळात रुग्णालयाचे आरक्षण पडले असेल, तर ते चूक आहे हे सांगायला नगररचनाकार असावे लागत नाही.

आरक्षण पूर्ण उठत नसेल तर ते कमी करायला सांगा, किंवा हद्द अशी सरकवायला सांगा की राहता भाग वाचेल. माझ्या मते निव्वळ विरोधापेक्षा ही मागणी मान्य होण्याची शक्यता अधिक, कारण समितीलाही आरक्षणाचे क्षेत्र राखायचे असते.

समितीच्या अहवालानंतर आराखडा शासनाकडे जातो. शासनाला त्यात मोठा, म्हणजे सारभूत स्वरूपाचा बदल करायचा असेल तर तो बदल पुन्हा प्रसिद्ध करून हरकती मागवाव्या लागतात. पहिल्या यादीत तुमची मिळकत नव्हती आणि दुसऱ्या यादीत आली, असे घडते. म्हणून दुसरी नोटीसही वाचा.

मधल्या काळात: दुरुस्ती करा, घाबरून विकू नका

आरक्षण असलेल्या वाड्याची कौलेसुद्धा बदलता येत नाहीत, अशी समजूत गावोगाव आहे. नगररचना अधिनियमाच्या कलम ४३ मध्ये केवळ आतल्या भागाची किंवा बाह्यरूपात विशेष फरक न करणारी देखभाल-दुरुस्ती परवानगीच्या बंधनातून वगळलेली आहे. वारसा यादीतली इमारत असेल तर वेगळे नियम लागतात. पण एरवी गळके छप्पर तसेच ठेवून इमारत धोकादायक होऊ देण्यात कुणाचेच हित नाही. मालकाचे तर नाहीच, कारण मोडकळीस आलेल्या बांधकामाचे मूल्यांकनही तसेच होते. दुरुस्तीपूर्वी पालिकेला पत्राने कळवा, छायाचित्रे काढा, पावत्या ठेवा.

आरक्षणातली जागा विकायला कायद्याने बंदी नाही. आरक्षणाची बातमी फुटली की स्वस्तात जागा घ्यायला माणसे दारात येतात. ती अडाणी नसतात. आज पडत्या भावाने घेतलेल्या जागेवर उद्या मिळणारे विकास हक्क किंवा मोबदला किती होईल, याचा हिशेब त्यांनी केलेला असतो. तोच हिशेब आधी तुम्ही करा.

दहा वर्षे उलटली असतील तर: कलम १२७ ची नोटीस

या अधिनियमातली मिळकतधारकाच्या हातातली सर्वांत धारदार तरतूद ही. अंतिम आराखडा अंमलात आल्यापासून १० वर्षांत जागा करारानेही घेतली गेली नाही आणि भूसंपादनाची घोषणाही राजपत्रात प्रसिद्ध झाली नाही, तर मालक किंवा हितसंबंध असलेली व्यक्ती खरेदीची नोटीस देऊ शकते. नोटीस मिळाल्यापासून २४ महिन्यांत जागा संपादित झाली नाही किंवा संपादनाची पावले सुरू झाली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते. मूळ कायद्यात ही मुदत ६ महिन्यांची होती, नंतर १२ झाली आणि २०१५ च्या दुरुस्तीने २४.

नोटीस बिनचूक हवी. मालकीची कागदपत्रे नोटिशीसोबत जोडावीच लागतात. ती नसली तर नोटीसच ग्राह्य नाही, असे पालिका म्हणणार. ताजे प्रॉपर्टी कार्ड, खरेदीखत किंवा वाटणीपत्र, मोजणी नकाशा, झोन दाखला आणि भाग नकाशा जोडा. सगळ्या सहधारकांच्या सह्या घ्या. नोटीस मुख्याधिकारी किंवा आयुक्तांच्या नावे द्या आणि समुचित प्राधिकरण वेगळे असेल तर त्यालाही द्या. आवक विभागात देऊन पोच घ्या, शिवाय पोस्टाने पोचपावतीसह पाठवा. २४ महिने या पोचेच्या तारखेपासून मोजायचे आहेत, तेव्हा तो शिक्का स्पष्ट उमटला आहे की नाही हे तिथल्या तिथे पाहा.

‘पावले सुरू झाली’ म्हणजे काय, यावर वर्षानुवर्षे भांडण चालले. सर्वसाधारण सभेने ठराव केला, जिल्हाधिकाऱ्यांना पत्र पाठवले, एवढ्यावर पालिका थांबत असत. २००७ मध्ये गिरनार ट्रेडर्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असा ठराव किंवा पत्रव्यवहार पुरेसा नाही, संपादन खरोखर सुरू करणारे पाऊल हवे, असे स्पष्ट केले. तेव्हा ‘आपला प्रस्ताव विचाराधीन आहे’ अशा उत्तराने समाधान मानू नका.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. दहा वर्षे झाली, पण तुम्ही नोटीस दिली नाही आणि मधल्या काळात सुधारित आराखडा मंजूर होऊन त्यात तेच आरक्षण कायम राहिले, तर दहा वर्षांची मोजणी नव्या आराखड्यापासून पुन्हा सुरू होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ च्या एका निकालात हे सांगितले आहे. पालिकेत आराखड्याची सुधारणा सुरू झाल्याचे कानावर आले आणि तुमची दहा वर्षे पूर्ण झालेली असतील, तर नोटीस त्याच आठवड्यात द्या.

आरक्षण व्यपगत झाल्यावर शासनाने तसे राजपत्रात अधिसूचित करायचे असते. त्यासाठी अर्ज करून पाठपुरावा करा आणि अधिसूचना हाती येताच बांधकाम परवानगीसाठी प्रस्ताव टाका. व्यपगत झालेली जागा मोकळी पडून राहिली, तर पुढच्या आराखड्यात तिच्यावर पुन्हा रंग पडायला वेळ लागत नाही.

पालिका जागा घ्यायला आली: तीन वाटा

नगररचना अधिनियमाच्या कलम १२६ मध्ये जागा घेण्याचे तीन मार्ग आहेत: करार करून रक्कम देणे, रकमेऐवजी एफएसआय (भूखंडाच्या प्रमाणात मिळणारे बांधकाम क्षेत्र) किंवा टीडीआर देणे, आणि शासनाकडे अर्ज करून सक्तीने संपादन करणे.

कराराची वाट सर्वांत साधी दिसते. पालिकेचा ठराव होतो, नगररचना कार्यालयाकडून मूल्यांकन होते, वाटाघाटी होतात आणि दुय्यम निबंधकाकडे खरेदीखत नोंदले जाते. इथे एकच गोष्ट आधी विचारा: पैसे आहेत का? चालू अंदाजपत्रकात या संपादनासाठी तरतूद आहे की नाही, कोणत्या लेखाशीर्षाखाली आणि किती, हे लेखी मागा. तरतूद नसलेली बोलणी कितीही गोड झाली तरी पुढे सरकत नाहीत.

टीडीआर म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्क. जागा पालिकेला द्यायची आणि बदल्यात दुसरीकडे वापरता येईल किंवा विकता येईल असे बांधकाम क्षेत्राचे प्रमाणपत्र घ्यायचे. मुंबई वगळता राज्यातल्या बहुतेक शहरांना डिसेंबर २०२० पासून एकीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. तिच्यानुसार दाट वस्तीच्या भागात दिलेल्या जागेच्या तिप्पट आणि बाहेरच्या भागात दुप्पट टीडीआर मिळतो. पेठेतली जागा बहुधा पहिल्या प्रकारात येते, पण ते आराखड्याच्या नकाशावर तपासून घ्या.

समजा ३०० चौरस मीटर जागा दिली. टीडीआर झाला ९०० चौरस मीटर. तो वापरताना दोन्हीकडच्या जमिनीच्या रेडीरेकनर दरांचे (शासनाने ठरवलेल्या जमिनीच्या दरांचे) गुणोत्तर लागते. तुमच्या जागेचा दर ४०,००० रुपये आणि जिथे टीडीआर वापरायचा तिथला २०,००० असेल, तर ९०० चे १,८०० होतात. तिथला दर ६०,००० असेल तर ६०० च उरतात. महागड्या पेठेतला टीडीआर शहराच्या वाढत्या कडेला चांगला फुलतो, हे त्यातले मर्म.

पण हे प्रमाणपत्र कुणीतरी विकत घ्यायला हवे. पुणे, ठाणे, नाशिक, नागपूर अशा शहरांत बांधकाम व्यावसायिक ते घेतात. लहान नगरपरिषदेच्या गावात उंच इमारतीच होत नसतील, तर ते कपाटात पडून राहते. अशा गावात पालिका टीडीआरचा आग्रह धरते कारण तिला रोख काही द्यावे लागत नाही. तिथे टीडीआर घेण्याआधी गेल्या दोन-तीन वर्षांत पालिकेने किती प्रमाणपत्रे दिली आणि किती प्रत्यक्ष वापरली गेली, हे माहितीच्या अधिकारात काढा. टीडीआर जमिनीच्या क्षेत्रावर मिळतो. उभ्या इमारतीच्या किमतीचे काय, हेही लेखी विचारा.

याच नियमावलीत समावेशक आरक्षणाची सोय आहे. मालकाने स्वतः जागा विकसित करायची, ठरलेला बांधीव भाग पालिकेला विनामूल्य द्यायचा आणि उरलेला स्वतः वापरायचा. मंडई, ग्रंथालय, दवाखाना अशा इमारतींसाठी पेठेत मला हा मार्ग सर्वांत न्याय्य वाटतो. पालिकेला तयार वास्तू मिळते, दुकानदार त्याच जागी राहू शकतात आणि मालक पेठेतून उखडला जात नाही. मात्र त्यासाठी सगळे सहधारक एका मताचे हवेत आणि भूखंड पुरेसा मोठा हवा. शेजारच्या दोन मिळकतींवर एकच आरक्षण असेल तर एकत्र प्रस्ताव देता येईल का, ते वास्तुविशारदाला विचारा.

सक्तीचे संपादन: मोबदल्याचा हिशेब

करार झाला नाही तर पालिका शासनाकडे प्रस्ताव पाठवते. घोषणा राजपत्रात प्रसिद्ध होते, भूसंपादन अधिकारी (बहुधा उपविभागीय अधिकारी) नेमले जातात, संयुक्त मोजणी होते, हितसंबंधितांना नोटिसा जातात आणि शेवटी निवाडा होतो.

हिशेब २०१३ च्या कायद्यातल्या सूत्राने होतो. जमिनीचे बाजारमूल्य ठरवताना रेडीरेकनरचा दर आणि परिसरातल्या मागच्या तीन वर्षांतल्या खरेदीखतांची सरासरी यांतला जो जास्त तो धरतात. सरासरी काढताना सगळी खरेदीखते घ्यायची नसतात. जास्त किमतीची निम्मी घ्यायची असतात. इथेच मालकांनी मेहनत करायला हवी. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर शोध घेऊन किंवा दुय्यम निबंधकाकडून तुमच्या रस्त्यावरच्या व्यवहारांच्या सूची क्रमांक दोनच्या (नोंदलेल्या खरेदीखताच्या गोषवाऱ्याच्या) प्रती काढा आणि भूसंपादन अधिकाऱ्यांना अर्जासोबत द्या. मागच्या बोळातली स्वस्त खरेदीखते हिशेबात आली आणि हमरस्त्यावरची राहिली, तर फरक लाखांत पडतो.

बाजारमूल्याला ज्या आकड्याने गुणतात तो गुणक शहरी भागात १ असतो. म्हणजे ३०० चौरस मीटर जागा आणि ४०,००० रुपये दर धरला तर जमीन झाली १ कोटी २० लाख. बांधकामाचे मूल्यांकन सार्वजनिक बांधकाम विभाग घसारा वजा करून करतो. ते २५ लाख आले असे धरू. बेरीज १ कोटी ४५ लाख. त्यावर १०० टक्के दिलासा रक्कम, म्हणजे एकूण २ कोटी ९० लाख. शिवाय बाजारमूल्यावर वर्षाला १२ टक्के, अधिसूचनेपासून निवाडा किंवा ताबा यांतले जे आधी होईल तोपर्यंत. ही सुरुवातीची तारीख कोणती धरली आहे ते निवाड्यात वाचून पाहा.

हिशेबात दोन गोष्टी हमखास सुटतात. कलम २८ नुसार संपादनामुळे राहण्याची किंवा धंद्याची जागा बदलावी लागली तर त्याचा वाजवी खर्च विचारात घ्यावा लागतो. तो मागितला नाही तर कुणी आपणहून देत नाही. दुसरे, कलम ९४. इमारतीचा काही भागच संपादनात जात असेल आणि मालकाला उरलेला तुकडा नको असेल, तर पूर्ण इमारत घ्या अशी मागणी करता येते. पेठेतल्या जुन्या लाकडी वाड्याचा अर्धा भाग कापला की उरलेला उभा राहत नाही, त्यामुळे या कलमाचा उपयोग अशा मिळकतींना फार होतो. निवाडा होण्यापूर्वी लेखी अर्ज द्या.

भाडेकरू आणि दुकानदार

पेठेत हाच सगळ्यांत अवघड भाग. तीन पिढ्यांचे दुकान असते, पागडी दिलेली असते, भाडे मात्र शंभर-दोनशे. मोबदला जाहीर झाला की मालक म्हणतो सगळा माझा, भाडेकरू म्हणतो जागा माझ्या ताब्यात आहे.

२०१३ च्या कायद्यात मालकाखेरीज इतरांनाही स्थान आहे. संपादनापूर्वी तीन वर्षांपासून तिथे राहणारे किंवा ज्यांची उपजीविका मुख्यतः त्या जागेवर आहे असे कुटुंब बाधित कुटुंब ठरू शकते. छोटे व्यापारी आणि कारागीर यांना दुसऱ्या अनुसूचीत किमान २५,००० रुपयांचे एकवेळ अनुदान आहे, स्थलांतरासाठी वेगळी रक्कम आहे. हे आकडे फार मोठे नाहीत. म्हणून पुराव्याचे महत्त्व अधिक: भाडेपावत्या, दुकान नोंदणी, वीजबिल, जीएसटी नोंदणी, जुना परवाना. तीन वर्षांचे कागद एका फाइलमध्ये लावा आणि नोटीस निघताच आपला हितसंबंध लेखी नोंदवा.

मालक आणि भाडेकरू यांच्यात मोबदल्याची विभागणी किती टक्क्यांनी व्हावी, हे कायद्यात ठरवून दिलेले नाही. वाद झाला तर प्रकरण भूसंपादन कायद्याखाली असे वाद सोडवणाऱ्या प्राधिकरणाकडे (पालिकेकडे नव्हे) जाते आणि रक्कम तिथे जमा होऊन पडते. निवाड्यापूर्वी आपसात बसून लेखी तोड काढलेली बरी. पालिकेकडेही दोघांनी मिळून मागणी करावी की नव्या इमारतीच्या तळमजल्यावर गाळे काढून जुन्या दुकानदारांना प्राधान्याने द्यावेत. हा तुमचा कायदेशीर हक्क असेलच असे नाही, पण सर्वसाधारण सभेच्या ठरावात तो आणता येतो.

पुण्याच्या बुधवार पेठेतला भिडे वाडा या संदर्भात सर्वांना माहीत असावा. जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्ये मुलींची शाळा सुरू केली ती इथे. राष्ट्रीय स्मारकासाठी पुणे महानगरपालिकेने वाडा घ्यायचे ठरवले. वाड्यातले दुकानदार-भाडेकरू न्यायालयात गेले आणि प्रकरण दहा वर्षांहून अधिक काळ चालले. ऑक्टोबर २०२३ मध्ये उच्च न्यायालयाचा निकाल पालिकेच्या बाजूने लागला, नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवून जागा सोडायला महिनाभराची मुदत दिली, आणि डिसेंबरच्या सुरुवातीला ताबा घेऊन इमारत पाडण्यात आली. सप्टेंबर २०२४ मध्ये स्मारकाचे भूमिपूजन झाले. स्मारक व्हायलाच हवे होते, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण भाडेकरूंनी यातून एक गोष्ट ध्यानात घ्यावी: सार्वजनिक प्रयोजन पक्के असेल तर खटला लांबतो, जागा वाचत नाही. पर्यायी गाळा आणि मोबदल्याचा वाटा यांची बोलणी खटल्याच्या सुरुवातीला जितकी करता येतात, तितकी शेवटी करता येत नाहीत.

पालिकेच्याच मंडईतल्या गाळेधारकांना हे सगळे लागू नाही. तिथे पालिका मालक असते, तुम्ही तिचे भाडेपट्टेदार. तो संपादनाचा विषय नसून भाडेपट्ट्याचा आणि निष्कासनाचा, म्हणजे जागा खाली करून घेण्याचा, आहे.

ताबा, पैसे आणि वाढीव मोबदला

‘काम सुरू करायचे आहे, निधी परत जाईल, आधी ताबा द्या, मोबदला मागून बघू’ असे म्हणत ताबा पावतीवर सही मागितली जाते. सही करू नका. २०१३ च्या कायद्याच्या कलम ३८ नुसार भरपाई पूर्ण दिल्यानंतरच ताबा घ्यायचा असतो. गावाच्या कामाला हातभार म्हणून आगाऊ ताबा द्यावासा वाटलाच, तर रक्कम, मुदत आणि व्याज लिहिलेला नोंदणीकृत करार झाल्यावरच द्या. भरपाईआधी ताबा घेतला गेला असेल तर पहिल्या वर्षी ९ टक्के आणि नंतर १५ टक्के व्याज कायद्यानेच मिळते.

निवाड्याची रक्कम कमी वाटली तरी पैसे नाकारायची गरज नाही. ‘हक्क राखून, निषेधासह स्वीकारत आहे’ असे पावतीवर लिहून रक्कम घ्या. असे न लिहिता घेतली तर वाढीव मोबदला मागण्याचा हक्क जातो. त्यासाठीचा अर्ज कलम ६४ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे करायचा आणि ते तो प्राधिकरणाकडे पाठवतात. निवाड्याच्या वेळी तुम्ही हजर असाल तर मुदत निवाड्यापासून ६ आठवडे. हजर नसाल तर नोटीस मिळाल्यापासून ६ आठवडे किंवा निवाड्यापासून ६ महिने, यांतले जे आधी संपेल ते. संमतीच्या निवाड्यावर सही केली असेल तर ही वाट बहुधा बंद झालेली असते, म्हणून संमतीपत्र वकिलाला दाखवल्याशिवाय देऊ नका.

२०१३ च्या कायद्याखालच्या निवाड्याच्या रकमेवर कलम ९६ नुसार आयकर लागत नाही. तरीही टीडीएस कापून पैसे हातात पडल्याची उदाहरणे आहेत. रक्कम मिळण्याआधीच भूसंपादन कार्यालयाला कलम ९६ चा उल्लेख करून पत्र द्या. कापलाच तर विवरणपत्र भरून परत मागता येतो. टीडीआर घेतला असेल किंवा वाटाघाटीने खरेदीखत केले असेल तर करसल्लागाराला कागद दाखवून विचारा.

ताबा देताना पंचनामा होतो. त्यात क्षेत्र, बांधकाम, झाडे, विहीर सगळे नोंदले आहे का, ते वाचून मगच सही करा आणि प्रत घ्या. नंतर प्रॉपर्टी कार्डावर पालिकेचे नाव लागले का, ते पाहा. थोडी जागा तुमच्याकडे उरली असेल तर तिचे क्षेत्र दुरुस्त होऊन वेगळे कार्ड निघाले का, हेही तपासा. वीज आणि पाण्याच्या जोडण्या आपल्या नावावरून बंद करून घ्या आणि ताब्याच्या तारखेपासून मालमत्ता कराची आकारणी रद्द करण्याचा अर्ज कर विभागात देऊन पोच घ्या. हा अर्ज राहिला की गेलेल्या जागेची करबिले आणि शास्ती पुढची कित्येक वर्षे जुन्या मालकाच्या नावाने निघत राहतात.